दुधातल्या तिसऱ्या

त्या दिवशी मी एक वाडगा खाऊन थांबले असते तर जिवाला लागलेला घोर थोडा कमी झाला असता, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. पण हावरटपणा अंगातच. पहिला वाडगा संपला, मडमनं अजून वाढू का विचारलं आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी वाडगा पुढे केला. पाचवा महिना चालला होता. पोटुशी बाईला दोन जिवांचं खावं लागतं, ही सबब तयारच होती.

लग्न होऊन मी पालघरहून सालवडला आले तेव्हा तारापूरकडे वीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात चाललं होतं. हे तिथे नकाशे काढायच्या कामावर होते. आमचं बिऱ्हाड चाळीतल्या दोन खोल्यांत. आजूबाजूला सगळी बाहेरून आलेली माणसं, कुणी सांगलीकडची, कुणी खानदेशातली. यांचे साहेब परदेशी. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मडम म्हणायचो. मला मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी येत होतं, म्हणून आठवड्यातून एकदा मडमबरोबर बाजारात जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जीप दारात आली की अख्खी चाळ बाहेर येऊन बघायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपण माहेरी होण्यातलं नव्हतं. म्हणून यांनी साताऱ्याकडच्या गावाहून आपल्या आईला बोलावून घेतलं. घाटावरच्या रीतीनं मी त्यांना आत्याबाई म्हणायची. बाई करड्या. सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायच्या, मदतीला कुणी आलेलं त्यांना खपायचं नाही. जन्मात मासा तोंडात घातलेला नव्हता. मी मासे केले की त्या आपली भाकरी घेऊन ओट्यावर जाऊन बसायच्या आणि सगळी भांडी राखेनं दोनदा घासून घ्यायच्या. मला मात्र रोज सकाळी तांब्याभर दूध पाजल्याशिवाय जागची हलू द्यायच्या नाहीत.

तर त्या दिवशी मी मडमला नवापूरला घेऊन गेले. किनाऱ्यावर एक मावशी टोपलीभर तिसऱ्या घेऊन बसली होती. मडमनं त्या शिंपल्या पाहिल्या आणि लहान मुलीसारख्या टाळ्याच पिटल्या. तिच्या गावीही समुद्र होता म्हणे, आणि थंडीत घरोघरी याच शिंपल्यांचं दाट, पोटभरीचं सूप व्हायचं. दोन वर्षांत तिनं ते चाखलं नव्हतं. तिनं टोपलीच उचलली. मावशी माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, हिला निवडायच्या कशा ते तरी ठावं हाय का?

मडमला सगळं ठाऊक होतं. बंगल्यावर गेल्यावर तिनं तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकून ठेवल्या, वाळू ओकू दिली, तीनदा पाणी बदललं. मग झाकण घालून वाफवल्या, उघडल्या नाहीत त्या फेकून दिल्या आणि खाली उरलेलं पाणी फडक्यातून गाळून जपून ठेवलं. हे आम्हीही करतो, म्हणून मला तिचं कौतुकच वाटलं. तिनं लोण्यात कांदा परतला, बटाट्याच्या फोडी त्या पाण्यात शिजत घातल्या. तिच्याकडे मुळात डुकराचं मांस घालतात, पण मी काय खात नाही ते तिनं आधीच नीट विचारून घेतलं होतं. गाय नाही, डुक्कर नाही, असं मी सांगितलं. तिनं डुकराचा डबा कपाटातून काढलाच नाही. एवढी सांभाळून घेणारी बाई.

मग मला बाहेर खुर्चीत बसवलं. पाय वर करून बस म्हणाली. आमच्याकडे सासूच्या राज्यात पाय वर करायची सोय नव्हती, मी बसले.

थोड्या वेळानं तिनं वाडगे आणले. पांढरंशुभ्र, दाट, वर मिरपूड आणि बोईसरच्या बेकरीतल्या खारी बिस्किटांचा चुरा. पांढरं बघून मला काही शंकासुद्धा आली नाही. आमच्या किनाऱ्यावर पांढरं म्हणजे नारळाचं दूध. कालवणात तेच, सारात तेच, खिरीतही तेच. मला वाटलं, बाईनं आपल्याकडची रीत उचलली. आणि चव! तिखट नाही, आंबट नाही, तरी जीभ सोडवत नव्हती. दोन वाडगे चाटूनपुसून खाल्ले आणि सुस्कारा टाकून मी विचारलं, एवढे नारळ खवले कुणी?

मडमला कळेना. तिनं मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं गवळ्याची किटली रिकामी पडली होती. म्हशीचं दूध. शेजारी दूधपावडरीचा डबा, त्यातही चमचा उभा. दाटपणा यावा म्हणून तेही घातलेलं, तिनं कौतुकानं सांगितलं.

मासे आणि दूध. आपल्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं, मासे खाल्ले त्या दिवशी दुधाला शिवायचं नाही, अंगावर कोड फुटतं. मासळी खाल्ल्यावर वडील चहासुद्धा बिनदुधाचा घ्यायचे. आणि मी ते एकत्र शिजवलेलं, दोन वाडगे, पोटात पोर असताना! मी तिथंच मोरीत वाकून घशात बोटं घातली. काही आलं नाही. पोटात घट्ट बसलं होतं मेलं. मडम बिचारी घाबरून माझी पाठ चोळत राहिली, आणि तिच्या त्या गोऱ्यापान हाताकडे बघून मला आणखीच भडभडून आलं. तिला काय सांगणार? तिच्या देशात सगळेच पांढरे.

घरी आले आणि तोंड शिवून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मन कुठं झाकतं? रोज सकाळी दार लोटून हातभर आरशात मी पोट बघायची, कोपर बघायची, ओठांच्या कडा बघायची. उन्हाचा कवडसा अंगावर पडला तरी दचकायची. माझं काय व्हायचं ते होवो, पण आतल्या जिवानं काय केलं होतं? मुलगी झाली आणि तिच्या तोंडावर पांढरं निघालं तर तिला कोण करून घेणार? प्रकल्पाच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते हसले, म्हणाले, असं काही नसतं. हसणाऱ्या माणसावर माझा विश्वासच बसेना. पुढच्या बाजारात नवापूरच्या मावशीला आडून विचारलं, तुम्ही लोक दुधात मासे कधी घालता का?

ती कानावर हात ठेवून म्हणाली, "नाय गो बाय. आमी मासं पकडतो, पन दुदाबरोबर नाय खात. अंगाव पांढरं येते."

झालं. जन्मभर मासळी खाणारी बाईच असं म्हणाल्यावर डॉक्टरांना काय चाटायचंय?

मी दूध पिणं सोडलं. म्हटलं, निदान पोटातल्यात आणखी भर नको. आत्याबाईंची पाठ फिरली की तांब्या मोरीत ओतायचा. आठ दिवस निभावलं. नवव्या दिवशी त्यांनी पकडलं. दुपारची वेळ, त्या वाल सोलत बसल्या होत्या. एवढं म्हशीचं सकस दूध मोरीला पाजतेस, तुझ्या बापानं म्हैस बांधलीय का दारात, असं सुरू झालं. बापावर गेल्या तशी माझी सटकली. राग आला की मला थांबता येत नाही. मी सगळं ओकले. मडम, तिसऱ्या, दूध, दोन वाडगे. म्हटलं, आता घाला शिव्या. तुमच्या नातवाला कोड निघणार आहे आणि ते मी माझ्या हातानं आणलंय.

मला वाटलं, त्या ऊर बडवून घेतील. त्यांचा हात वालात तसाच राहिला. मग त्या उठल्या आणि भरदुपारी दाराला कडी घातली. मी भिंतीला टेकले. बाई मारणारच, असं मनात आलं.

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि चोळी वर सरकवली. दोन्ही खांद्यांच्या मधून कमरेपर्यंत पांढरं. भाकरीएवढे दोन डाग आणि त्यांना जोडणारा तिसरा. बाकीची पाठ काळीसावळी, म्हणून ते पांढरं जास्तच दिसत होतं. मी तोंडावर हात दाबून धरला.

"लगीन व्हायच्या आधीपासनं हाय," त्या भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या. "मी तर मासं कधी बघितलंबी नव्हतं."

चोळी खाली ओढून त्या परत वालांपुढे बसल्या. पहिला डाग हळद लागायच्या आधी आठ दिवस दिसला होता. त्यांच्या आईनं तो झाकून लग्न लावून दिलं. माझ्या सासऱ्यांना ते कळलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या पाठीवर पुन्हा कधी हातही ठेवला नाही. यांना, त्यांच्या पोटच्या लेकाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. मी गर्भार आहे हे कळल्या दिवसापासून आत्याबाई माझ्यासारख्याच धास्तावलेल्या होत्या, फक्त मी तिसऱ्यांना भीत होते आणि त्या स्वतःच्या रक्ताला.

मला त्यांची इतकी दया आली की रडूच फुटलं. मी त्यांच्या जवळ सरकले. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट.

"पोरी, बाळाच्या अंगावर काय निघालंच, तर त्या शिंपल्यांचं नाव सांगायचं. माझं न्हाई. माझी धाकटी अजून उजवायची हाय."

धाकटी म्हणजे माझी नणंद. सतरा वर्षांची, गावी मामाकडे ठेवलेली, तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. घराण्यात कोड आहे, एवढी कुजबुज पुरली असती. मी मान डोलावली. पण मनातून हबकून गेले होते. इतके दिवस ज्या वाडग्यासाठी मी स्वतःला बोल लावत होते, तो वाडगा या बाईला देवानं धाडलेला वाटत होता.

वैशाखात मला मुलगी झाली. सुईण नाळ कापते न कापते तोच आत्याबाईंनी पोरीला उचलून दाराच्या उजेडात नेलं. मुलगा की मुलगी हेही विचारलं नाही. काखा, मानेची वळी, बोटांची बेचकी, टाळूवरचं जावळ बाजूला सारून आतली कातडी, सगळं पाहिलं. पोर टाहो फोडत होती. मग म्हणाल्या, "सोच्छ हाय." आणि तिथंच उंबऱ्यात बसकण मारली.

माझा जीव भांड्यात पडला, पण बाराच दिवस. बारशाला चाळीतल्या बायका जमल्या. पाळणा म्हणायचा सोडून प्रत्येक बाई पोरीचं अंगडं वर करून बघत होती. एकीनं गुडघे पाहिले, एकीनं ओठ. मला कळेना काय चाललंय. शेवटी खानदेशातल्या शेजारणीनं विचारलंच, दुधातले मासे खाल्लेस म्हणे तू मडमकडे?

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या नारळ फोडत होत्या, मान वर केली नाही. त्यांनी वाट पाहिलीच नव्हती. पोर जन्मायच्या आधीच चाळभर सांगून ठेवलं होतं आणि गावालाही कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं, की सूनबाईनं परक्या बाईच्या घरी भलतंसलतं खाल्लंय. पुढे डाग निघो न निघो, कारण आधीच ठरवून ठेवलेलं. माझ्या बारा दिवसांच्या लेकीला त्यांनी ढालीसारखं पुढे धरलं होतं. असा संताप आला! एका वाक्यात मी त्यांना उघडं पाडू शकत होते. त्या वाक्याची सुरुवात माझ्या जिभेवर आलीसुद्धा होती. तेवढ्यात नारळ फुटला, आणि पाणी भांड्यात धरायच्या आधी त्यांनी पाठीवरचा पदर सारखा करून घेतला.

"हो," मी शेजारणीला म्हटलं. "खाल्ले. पोट भरून खाल्ले."

मग कुणीतरी म्हणालं, अजून लहान आहे, पुढेही निघतं कधी कधी. त्या रात्री मी जेवले नाही आणि पुढे महिनाभर आत्याबाईंशी कामापुरतंच बोलले. माफ केलं असं आजही म्हणवत नाही.

मार्गशीर्षात नणंदेला बघायला कराडकडची मंडळी आली. आम्ही सगळे गावी गेलो होतो. पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या आईनं माझ्या लेकीला मांडीवर घेतलं, किती गोड आहे म्हणाली आणि खेळवता खेळवता तिची बाही वर सारून कोपर पाहिलं. मग दुसरं. पत्रातली गोष्ट कराडपर्यंत पोचली होती. मग अंगडं उचलून पाठ पाहिली, बोट फिरवून पाहिलं. समोर नणंद मान खाली घालून बसली होती, तिच्याकडे कुणी तसं एकदाही बघितलं नाही. शेजारी आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी पदराखालून माझा हात धरला आणि त्या बाईचं बघून होईपर्यंत सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.