दाखला

आमच्या सांगलीच्या चर्चमध्ये मला दोन नावं होती. एक बाप्तिस्म्याचं, दुसरं 'दाखला'. दुसरंच जास्त चालायचं. शाळेत दाखला म्हणजे शाळा सोडताना मिळणारा कागद. आम्हा ख्रिस्ती लोकांत दाखला म्हणजे वचन समजावं म्हणून उपदेशात सांगितलेली गोष्ट. दर उत्तम शुक्रवारी, येशूनं वधस्तंभावर आपल्यासाठी प्राण का दिला हे सांगताना पाळकसाहेब आमच्या घरची गोष्ट काढायचे. तिच्यातला जिवंत राहिलेला मुलगा म्हणजे मी.

गोष्ट अशी. अकरा वर्षांचा मी कृष्णेत बुडत होतो. सोळा वर्षांच्या थोरल्या भावानं काठावरून उडी टाकली. मी वाचलो, तो गेला. "धाकट्याच्या बदली थोरला गेला," एवढं म्हणून पाळकसाहेब चष्मा काढायचे आणि सगळं चर्च मान वळवून आमच्या बाकाकडे बघायचं. उपासना बारा ते तीन, ऊन चैत्राचं, पंखा एकच आणि तोही पाळकसाहेबांच्या डोक्यावर. मी भिंतीकडेला, माझ्या आणि वाटेच्या मधे आई, आत्या आणि आत्याची तीन पोरं. पळायची सोय नव्हती.

बाहेरही नव्हती. बीजगणितात नापास झालो तेव्हा गायनमंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "यासाठी का रे त्यानं जीव दिला?" विट्याच्या मित्राबरोबर मॅटिनीला गेलो, तेव्हाही तेच. साधा चहा प्यायचा तरी तो दोघांच्या वतीनं प्यावा लागायचा. वैताग यायचा. खरं सांगायचं तर वधस्तंभाकडे बघून येशूचाही राग यायचा. आमच्यासाठी मर, असं त्याला सांगायला कोण गेलं होतं?

खरी गोष्ट मला एकट्यालाच माहीत होती. मी बुडत नव्हतो. पाणी छातीपर्यंत होतं, पाय वाळूत टेकलेले होते. भावाची फिरकी घ्यायची म्हणून मी "बुडालो, बुडालो" ओरडलो आणि दोनदा तोंड पाण्यात घातलं. त्यानं धावत येऊन उडी टाकली ती डोहाच्या बाजूनं. पोहायला त्याला माझ्याइतकंच जेमतेम यायचं. तो पाण्याखाली गेला, आणि मी उभा राहून तो वर यायची वाट बघत होतो. मला वाटलं, तोही मस्करीच करतोय.

पंचाहत्तरच्या सुमारास, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना, मी ठरवलं की आता बास. उत्तम शुक्रवारी उपासनेआधीच पाळकसाहेबांना गाठायचं, खरं काय ते सांगायचं आणि हा दाखला कायमचा बंद पाडायचा. पण आधी आईला सांगणं भाग होतं. त्या सकाळी ती तांब्यात निखारे घालून आपल्या पांढऱ्या लुगड्याला इस्त्री करत होती. मी दारातच उभा राहिलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

तिच्या हातातला तांब्या फिरतच राहिला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"तवापासनं. घाटावर धुणं धूत व्हते न्हवं मी. तुझी हाक ऐकून वर बगितलं, तर त्यानं उडी टाकल्याली आन् तू हसत व्हतास."

सात वर्षं हिनं मला जेवायला वाढलं होतं, तापात माझ्या उशाशी बसली होती, आणि दर वर्षी माझ्या शेजारी बसून ती गोष्ट मुकाट ऐकली होती.

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुझी हाक खोटी व्हती. त्याची उडी खरी व्हती." तिनं लुगड्याची घडी उलटली. "येशू तरी काय लय गुणाच्या मान्सांसाठी मेला व्हय रं?"

मी म्हणालो, काही असो, मी पाळकसाहेबांना सांगणार. तेव्हा मात्र तिनं तांब्या खाली ठेवला.

"नगं. त्याचं नाव आता मोठ्यानं कोन घेतंय? वर्षातनं एकदा, त्या एकाच ठिकानी. तेवढं बंद करू नगंस."

सुटायची एकच वाट होती, तीही तिनं अशी मागून घेतली. मला नाही म्हणता आलं नाही.

बारा वाजता मी भिंतीकडेला बसलो. पाळकसाहेबांनी गोष्ट काढली, चष्मा काढला, माना वळल्या. दर वर्षी मी खाली पायांकडे बघायचो. त्या वर्षी आईकडे बघितलं. भावाचं नाव आलं तेव्हा तिचे ओठ पाळकसाहेबांबरोबर हलले. मग तिनं, माझं सगळं माहीत असलेल्या त्या बाईनं, माझा हात आपल्या हातात घेतला आणि तीन वाजेपर्यंत सोडला नाही.