खंडेनवमीचा सर्व्हो

मी अंबडला कारखान्यात गिअर कापायचो. परातीएवढे गिअर, चोख मापात. त्यामुळे माझ्याच खेळण्यातल्या विमानाचे गिअर झिजले तेव्हा घरात जो काही आनंद झाला, तो विचारू नका. बाबा तर पेपरातून डोकं वर काढून हसले.

विमान थर्माकोलचं, रिमोटवर उडणारं. त्याची शेपटी वळवायला काडेपेटीएवढी डबी असते, तिला सर्व्हो म्हणतात. आत इवलीशी मोटर आणि नायलॉनचे पाच गिअर. दात झिजले की डबी नुसती कुरकुरते, शेपटी काही हलत नाही. मी पुण्याहून नवे गिअर मागवले. पण खरा प्रश्न टेबलाचा होता. आमच्या दोन खोल्यांत टेबल एकच, खिडकीजवळचं. त्यावर दोन वर्षं माझा पसारा, आणि आई जमिनीवर बसून कॉलनीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची. शेवटी तिने बाबांच्या देखत बजावलं, "दसऱ्याला उडालं तर टेबल तुझं. नाही उडालं तर माझं. मग कटकट नको."

मी म्हटलं, मंजूर!

खंडेनवमीच्या सकाळी जुने गिअर काढले, नव्यांना ग्रीस लावलं, वर्तमानपत्रावर मांडले आणि आंघोळीला गेलो. परत येतो तर काय! आईने पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, तिची कात्री, सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलेलं. आणि पाचही गिअरांना! मसुराएवढ्या गिअरलासुद्धा कुंकवाचं बोट, वर अक्षता आणि झेंडूची पाकळी.

"अगं आई, हे काय केलंस!"

"हत्यारं आहेत ना तुझी? मग पूजा नको?"

"आता जोडू कसं?"

"आज हात नाही लावायचा. पूजलेल्या हत्याराला आज सुट्टी."

कारखान्यातल्या मशिनला दरवर्षी खंडेनवमीला हार घालून मीच तर सुट्टी द्यायचो. दिवसभर टेबलाभोवती येरझाऱ्या घातल्या. मनात म्हटलं, म्हातारीने बरोब्बर डाव साधला.

दसऱ्याच्या सकाळी घाईघाईत कुंकू पुसलं, फुंकर मारली, गिअर बसवून डबी बंद केली. घरात शेपटी झकास हलली. कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत आई-बाबा हजर. विमान उडालं! मी उजवीकडे वळवलं. वळलं. आणि वळतच राहिलं. मी रिमोटची काडी डावीकडे दाबतोय, स्वतःही डावीकडे वाकतोय, पण छे! मोटर बंद करायचंही भान राहिलं नाही. बॅटरी संपेपर्यंत ते आमच्याभोवती प्रदक्षिणा घालत होतं, मग शेजारच्या झेंडूच्या वावरात घुसलं. फुलं तोडणारी बाई ओरडली, "ओ दादा, आज फुलाला लय भाव हाय, हे आधी काढा इथून!"

घरी येईपर्यंत मी धुसफुसत होतो. "तुझ्या पूजेनं घात केला. मुद्दाम केलंस, टेबलासाठी!"

"मुद्दाम?" आई भडकली. "मुद्दाम करायचं असतं तर नारळच फोडला असता त्याच्यावर! तुझं उडू दे म्हणून हात जोडले रे मेल्या. आणि उडालं की ते. टेबल तुझं." साड्यांची पिशवी घेऊन ती खाली बसली.

मी तणतणत डबी उघडली. पांढऱ्या गिअरच्या दातांत, ग्रीसमध्ये, अक्षतांतली पांढरीच कणी अडकलेली. टाचणीने काढली. माझीच मला लाज वाटली.

"काय रे," आईने मान वर न करता विचारलं, "माझ्यामुळेच बिघडलं का?"

"नाही गं. मीच एक गिअर उलटा बसवला होता."

"आणि हे अंबडला गिअर कापतात!" बाबा पेपरामागे खिंकाळले. हे वाक्य ते पुढे प्रत्येक पाहुण्याला ऐकवत राहिले.

संध्याकाळी मी टेबल रिकामं केलं आणि आईचा रिळांचा डबा त्यावर नेऊन ठेवला.

"हे काय? उडालं होतं ना?"

"एकाच बाजूला उडालं," मी म्हटलं. "ते धरत नाहीत."