पैलवानाची मूठ

जहाजावर सगळे त्याला पैलवान म्हणायचे. इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणारा हा गडी गंजलेला नट नुसत्या हाताने फिरवायचा म्हणे. तोच पैलवान आज कंपनीच्या डॉक्टरच्या दाराबाहेर बाकावर भेदरून बसला होता.

चार महिन्यांपूर्वी पंपाचं झाकण उजव्या हातावर पडलं. तेव्हापासून तीन बोटं बधिर. मूठ वळायची, पण क्षणभरच; मग हात आपोआप सुटायचा. करारातलं कलम सरळ होतं. एकशेवीस दिवसांच्या आत कंपनीच्या डॉक्टरने निकाल द्यायचा. ‘अनफिट’ लिहिलं तर अपंगत्वाची भरपाई, ‘फिट’ लिहिलं तर पुन्हा जहाज. आणि जहाज म्हणजे तीन मजले उभी लोखंडी शिडी, खाली फिरतं यंत्र. ती शिडी आठवली की जेवता जेवता त्याचा घास अडायचा.

आज एकशेविसावा दिवस होता.

“अहो, खरं तेच सांगा,” शेजारी बसलेली बायको चौथ्यांदा म्हणाली. “मर्दुमकी गाजवू नका तिथे.”

“मी काय खुळा आहे का?”

आता काय सांगावं! बावीस वर्षं दर कराराआधी हा माणूस डॉक्टरसमोर उभा राहिला होता, आणि दर वेळी एकच धसका: नापास झालो तर घरी बसावं लागेल. पाठ धरलेली असली तरी ताठ उभा राहायचा, अंगात ताप असला तरी हसायचा. दुखतंय का? छे! अंगातच मुरलं होतं ते.

डॉक्टरने शर्ट काढायला लावला, खांदा तपासला आणि आपली दोन बोटं पुढे केली. “दाबा.”

आणि या शहाण्याने दाबली की! दात-ओठ खाऊन, सगळा जीव एकवटून. डॉक्टरचा चेहरा कसनुसा झाला.

“बरीच ताकद आहे! दुखतं का?”

“छे!”

तोंडातून निघून गेलं. देवाशपथ, क्षणभर त्याला बरंही वाटलं. मग डॉक्टरने कागदावर ‘फिट’ लिहिलेलं दिसलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. पण आता ‘दुखतं’ म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? शर्ट तसाच अंगावर चढवून तो बाहेर आला.

बायको उठली आणि त्याची बटणं लावू लागली. चार महिने हे काम तिचंच होतं. तिसऱ्या बटणाशी तिने विचारलं, “काय लिहिलं?”

“पास झालो गं,” तो म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं.

लावलेली तिन्ही बटणं तिने काढली, त्याचं मनगट धरलं आणि दार न वाजवताच त्याला आत नेलं.

“डॉक्टर, यांना एवढं एक बटण लावून दाखवायला सांगा.”

डॉक्टर वैतागला, पण सही करता करता थांबला.

पैलवानाने बटण धरलं. निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. ‘थांबा, लावतो,’ असं म्हणायला जीभ उचललीच होती, तेवढ्यात त्याने बायकोकडे पाहिलं. मदतीला धावू नयेत म्हणून तिने आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

“नाही जमत, डॉक्टर,” तो म्हणाला. “शिडीवरून पडेन मी. मला भीती वाटते.”

डॉक्टरने तो कागद बाजूला सारला आणि कोरा घेतला. “बसा. पहिल्यापासून सांगा.”