आखाती आणि आखिती

टॅक्सीवाल्याचा जन्म गाडी चालवण्यात जातो, असं लोकांना वाटतं. साफ खोटं! तो उभं राहण्यात जातो. सकाळची पॅसेंजर गेली की दुपारच्या गाडीपर्यंत आम्ही कोपरगाव स्टेशनसमोरच्या लिंबाखाली उभे. पत्ते खेळून कंटाळा येतो, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवून होतात, मग माणूस दुसरं काय करणार? किस्से साठवतो. त्यात त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर पेट्रोल महाग झालं आणि आम्ही नेहमीपेक्षा जास्तच उभे राहायला लागलो. त्या सहा महिन्यांतला माल माझ्याकडे पोत्यानं आहे.

आधी मंडळी सांगतो. मी सातवी पास, म्हणून स्टँडवरचा 'मास्तर'. पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. किसन म्हणजे पैसा वाचवायच्या नादात दोन पैसे घालवणारा. कासमभाई टांगेवाले, म्हणजे तसे शत्रुपक्षातले, पण चहाला आमच्यात. आणि सगळ्यांत वडील दगडूनाना. पंचवीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढल्यामुळं त्यांना ऐकू जरा कमी यायचं.

नानांची गाडी स्वातंत्र्याच्या आधीची, परदेशी, कुठल्याशा संस्थानिकाच्या दारातून हात बदलत आलेली. तिला आम्ही हत्तीण म्हणायचो. आत चौदा माणसं बसत. लिटरला चार किलोमीटर जायची, तेही तिची मर्जी असली तर! नानी तिला 'सवत' म्हणायच्या, पण दसऱ्याला हळदकुंकू सगळ्यांत आधी सवतीलाच. पेट्रोल वाढल्यावर आम्हा सगळ्यांची कंबर मोडली, पण नानांच्या पुढं प्रश्न एकच होता. हत्तीण ठेवायची की भंगारात घालायची?

*

भाव वाढला त्या दिवशी पंपावरच्या पाटीसमोर आम्ही रांगेनं उभे. पाटी वाचून झाली तरी कुणी हलेना. किसननं पंपवाल्याला विचारलं, "खडू घसरला का रं तुजा?"

मग भाव का वाढला, यावर लिंबाखाली परिषद बसली. किसनचं म्हणणं, "आपल्याकडं दुष्काळ पडला, तसा अरबांकडं बी पडला आसंल. इहिरी आटल्या त्यांच्या!" आदल्या साली आम्ही सगळ्यांनी विहिरींचे तळ बघितलेले, त्यामुळं हे आम्हाला शंभर टक्के पटलं.

मग किसन कासमभाईंकडं वळला. "कासमभाई, तुमच्या त्या अरबस्तानातल्या पाव्हन्यांना दोन शब्द सांगा की."

कासमभाई घोड्याला चारा टाकत होते. मागं न बघता म्हणाले, "माजे पाव्हने पुनतांब्यात हायेत. दारात गेलो तर चिमनीत घालाया रॉकेल द्येत न्हाईत. तुला पेट्रोल कुटून देतील?"

*

त्याच आठवड्यात नगरहून बाबूशेठ भंगारवाले आले. बाजारात कलिंगड घेताना बोटांनी वाजवून बघतात ना, तसे ते हत्तिणीला सगळीकडून वाजवून बघत होते. नाना दुसरीकडं तोंड फिरवून बसले.

वातावरण बदलावं म्हणून मी पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. "आखाती देशांनी तेलाचे भाव वाढवले..."

नानांनी कानाला हात लावला. "काय म्हनला? आखिती?"

आमच्याकडं अक्षय्य तृतीयेला आखिती म्हणतात. आता आखाती कुठं आणि आखिती कुठं! पण मी सांगायच्या आत नाना उठून उभे. "आखितीपातूरच वाढवलाय व्हय? मंग आदी न्हाई का सांगायचं! सा म्हैने तर काढू की!"

बाबूशेठकडं वळून ते म्हणाले, "शेठ, आखितीला या. तवर भाव उतरला न्हाई, तर दगडूचा शब्द हाय, गाडी घिऊन जा."

बाबूशेठनी माझ्याकडं बघितलं, मी किसनकडं, किसननं पेपरकडं. नानांचा उजळलेला चेहरा बघून एकाचीही जीभ वळली नाही. शेठ नुसतं "बरं" म्हणाले आणि एस.टी.कडं निघाले. ती चूक माझ्या वाचण्यातली नव्हती, तरी मला मात्र ती सहा महिने खुपत राहिली.

*

पेट्रोल वाढलं म्हणून आम्ही शिर्डीचं सीटचं भाडं वाढवलं. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या आजीनं मला दारातच धरलं.

"का म्हून वाढवलं?"

"आजी, पेट्रोल महाग झालं."

"मंग मी काय पेट्रोल पिती व्हय?"

"तुम्ही नाही, गाडी पिते. जितकं वजन, तितकं पिते."

एवढं शहाणपण मी उगाच पाजळलं. आजीनं बोचकं खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून अख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल असं विचारलं, "गेल्या साली दुष्काळात मी वाळून निम्मी झाले, तवा निम्मं भाडं घेतलं हुतंस का?"

तिला मी जुन्याच भाड्यात नेलं. वर तिनं पुढची सीट घेतली!

*

हत्तिणीला स्टार्टरवर सुरू करायचं म्हणजे पेट्रोलचा घोट वाया जायचा. म्हणून नाना उतारूंनाच धक्का मारायला लावायचे. गावची माणसं काही बोलायची नाहीत. पण एकदा पुण्याचे एक साहेब आले, कोट, टाय, हातात चामड्याची बॅग. साखर कारखान्यावर कसलीशी तपासणी करायला निघालेले. नानांनी त्यांनाही मागं उभं केलं.

साहेबांनी पन्नास पावलं गाडी ढकलली. बुटात माती गेली, टाय खांद्यावर गेला. घाम पुसत ते पुढं आले आणि म्हणाले, "अहो, गाडी आम्हीच ढकलायची, तर भाडं कसलं घेता?"

नाना शांतपणे म्हणाले, "भाडं बसायचं सायेब. ढकलायचं फुकट हाय!"

*

किसनला त्या दिवसांत एक वेड लागलं होतं. उतार दिसला की इंजिन बंद! गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि मांडीवर हात ठेवून देवळात बसल्यासारखं बसायचं. पण आमच्या कोपरगावात उतार आणायचा कुठून? सगळी गोदाकाठची सपाट जमीन. त्यामुळं राजूरचं भाडं मिळालं तेव्हा किसनला आकाश ठेंगणं झालं. सबंध घाट फुकटात उतरायला मिळणार होता!

नवरा-बायको असं जोडपं, तिकडच्या बाजारचे तांदळाचे व्यापारी. परतीच्या वाटेवर घाटमाथ्यावर शेठजी लघवीला उतरले. बाई मागं झोपलेल्या. किसन इंजिन बंद करून ब्रेकवर पाय ठेवून तयारच. मागं दार आपटल्याचा आवाज आला. किसनला वाटलं, शेठजी बसले. त्यानं ब्रेक सोडला. वास्तविक झोपेत बाईंचा पाय दाराला लागला होता.

गाडी पिसासारखी खाली आली. किसन स्वतःवरच खूश. घाटाखालच्या अकोल्याला बाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "आमचे मालक कुटं हायेत?"

काय करतो बिचारा! पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत सगळा घाट पुन्हा चढला. वाचवलेल्याच्या तिप्पट पेट्रोल गेलं. शेठजी मैलाच्या दगडावर शांत बसलेले होते. किसन हात जोडून म्हणाला, "चुकलो मालक, पन हाक तरी मारायची!"

शेठजी म्हणाले, "मी पाठमोरा हुतो. म्हनलं, इंजिनाचा आवाज न्हाई, म्हंजी गाडी हितंच उभी हाय!"

*

थंडी गेली, उन्हाळा लागला, ऊसतोडीवाले आपल्या बैलगाड्या घेऊन पूर्वेला घरी परतले. पेट्रोलचा भाव मात्र होता तिथंच. नाना रोज पाटी बघायचे आणि म्हणायचे, "आजून आखिती कुटं आलीया!" मला तोंड चुकवावं लागायचं.

अखेर आखितीचा दिवस उजाडला. सकाळी स्टँडवर गेलो तर नाना हत्तीण पुसत होते. बॉनेटवर झेंडूचा हार. मला राहवेना. जवळ जाऊन म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी पेपरात आखाती वाचलं होतं. आखाती देश, समुद्रापलीकडचे. आखितीचा काही संबंध नव्हता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

नानांचं फडकं काचेवरून फिरतच राहिलं. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिशी कासमनं सांगितलं. मास्तर, मी भैरा हाय, येडा न्हाई. पन शब्द दिऊन बसलो हुतो, आन् सा म्हैने हातात आलं हुतं. कोन परत करतंय?"

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं. दुपारी एस.टी.तून बाबूशेठ उतरले.

नाना एका शब्दानंही हुज्जत घालत नव्हते. किल्ली त्यांनी हातात काढूनच ठेवली होती. शेठही अवघडलेले. "नाना, सावकाश होऊ द्या" एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले.

त्याच वेळी दुपारची पॅसेंजर आली, तीही दीड तास लेट, आणि तिच्यातून उतरलं एक अख्खं वऱ्हाड! आखितीचा मुहूर्त, लग्न नदीपलीकडच्या वस्तीवर, आणि घटका भरायला पाऊण तास राहिलेला. मुलीकडून आलेल्या बैलगाड्या वाट बघून परत गेलेल्या. आमचे बाकीचे टॅक्सीवाले सकाळपासून दुसऱ्या लग्नांत अडकलेले. स्टँडवर फक्त माझी गाडी आणि हत्तीण! मी आठ बायका कोंबल्या. नवरदेवाचा बाप नानांपुढं हात जोडून उभा राहिला.

"पावनं, टाकीत पेट्रोल न्हाई," नाना म्हणाले, "आन् गाडी बी आता माजी न्हाई. ह्या शेठची हाय."

बापानं शेठच्या दंडाला धरलं. "शेठ, पेट्रोल आमी भरतो, पन पोराचा मुहूर्त हुकवू नका!"

शेठनी होकारार्थी मान डोलावली. नानांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. "बसा. माल डोळ्यांम्होरं ऱ्हाऊ द्या." मागं नवरदेव, करवले, ताशावाला आणि ताशा धरून सोळाजण. पंपावरून आणलेलं पेट्रोल पोटात पडलं, हत्तिणीनं आवाज दिला आणि स्टेशनावरची कबुतरं उडाली!

मी पुढं होतो. वस्तीच्या अलीकडं ओढा आहे. मी पार झालो, मागं बघतो तर हत्तीण बरोबर मधे वाळूत बंद! वऱ्हाड नव्या कपड्यांत, नवरदेवाला खाली उतरवता येईना, पलीकडून भटजींचा माणूस पळत येऊन ओरडतोय, "आटपा, आटपा!" नानांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा बाबूशेठनी कोट काढला. टोपी नवरदेवाच्या मांडीवर ठेवली. बॉनेट उघडून आत वाकले, कुठली तरी नळी सोडली, तोंडानं फुंकली, पेट्रोलची चूळ थुंकली, पुन्हा फुंकली. "मारा!" म्हणून ओरडले. नानांनी स्टार्टर मारला. हत्तीण खोकली, थरथरली आणि गर्जली!

शेठ काळे हात घेऊन त्या वाळूत लहान पोरासारखे हसत उभे. "नाना, वीस वर्षं झाली, शेकड्यांनी गाड्या तोडल्या," ते म्हणाले, "पन चालू आज पयल्यांदा केली!"

मुहूर्त गाठला. अंतरपाट धरलेलाच होता. नवरदेवाच्या बापानं भर मांडवात शेठना फेटा बांधला आणि व्याह्याच्या शेजारी जेवायला बसवलं. पुरणपोळी आणि आमरसावर शेठनी असा हात मारला की वाढपी थकले.

दिवस मावळताना हत्तीण स्टँडवर परत आली. तोवर किसन आणि कासमभाईही येऊन थांबले होते. हत्तिणीला निरोप द्यायला म्हणून कासमभाईंनी घोड्याच्या गळ्यातली घुंगरमाळ आणलेली. शेठ गुलाबी फेट्यात पुढच्या सीटवरून उतरले. किल्ली नानांच्या हातातच होती.

किसननं घसा साफ केला. "मंग शेठ, कवा तोडताय?"

शेठ त्याच्यावर खेकसले, "तोंड आवर! येत्या म्हैन्यात आमच्या धाकटीचं लगीन हाय नगरला. नवरदेव आनायला हीच गाडी पायजे. नाना, येनार न्हवं?"

नानांनी कानाला हात लावला. शेठनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. नानांनी एकदा हत्तिणीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि किल्ली खिशात टाकत म्हणाले, "येतो की शेठ. पन नगर लांब हाय, भाडं जादा पडंल हां. पेट्रोल लई महाग झालंय!"