न सांगितलेलं माप

जगात असं एकही संकट नाही ज्यावर चौदा पदं रचता येत नाहीत, अशी माझ्या मामेसासऱ्यांची ठाम समजूत होती. आमच्या कानडी मुलखात, कुवेंपुनगरात त्यांचं शिवणकामाचं दुकान. आमच्या विठ्ठल मंदिराच्या सभागृहात दर वर्षी होणारं संगीत नाटक तेच लिहीत, बसवत, त्याचे कपडे शिवत आणि पेटीवर बसून सगळ्यांना सूर देत. पदं ते कापड बेतायच्या तपकिरी कागदावर लिहायचे. एका राजाचा अख्खा विलाप कुणाच्या तरी बाहीच्या आकाराचा होता. तो राजा छातीत बाण घेऊन तिसरं पद गाऊ लागला तेव्हा मागून एक बाई ओरडल्या, "मामा, सोडा की त्याला, मरू दे!" मामा पेटीवरूनच म्हणाले, "अजून एक कडवं आहे अक्का, सुम्ने, गप बसा."

गळ्यातली टेप त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही काढली नव्हती. माप घेताना आकडा इतक्या मोठ्यानं पुकारायचे की समोरच्या बसथांब्यावर कळावा. एका बँक मॅनेजरनं आपल्या पोटाचा घेर असा रस्त्यापलीकडे गेलेला पाहून सूटच रद्द केला. "माप लपवलं तरी कपड्यात लपत नाही," मामा शांतपणे म्हणाले.

एका दसऱ्याला ते आमच्याकडे जेवायला होते. माझी नीला तेव्हा पंधरा वर्षांची. तिनं पुरणाची तिसरी होळिगे घेतली आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "किती खाशील? साकु आता, पुरे! दारं रुंद करावी लागतील." पंगत हसली. हशा आला की वाक्य चांगलं होतं असं मला वाटायचं. फक्त मामा हसले नाहीत; मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं.

वर्षभरात नीला बारीक झाली. मैत्रिणीकडे जेवून आले म्हणायची, आणि आम्ही बरं म्हणायचो. मी तर चारचौघांत अभिमानानं सांगायचो, पोरीनं मनावर घेतलं. पुढच्या दसऱ्याच्या कपड्यांसाठी तिला दुकानात नेलं. आकडा लिहायला माझ्या हातात वही-पेन्सिल. मामांनी कमरेभोवती टेप धरली आणि आकडा पुकारलाच नाही. मशीनवरच्या पोरींनी पाय थांबवले.

"किती, मामा?"

"वही मिटा, जावईबापू. आणि हिला आधी डॉक्टरकडे न्या."

इस्पितळातून ती महिन्यानं घरी आली. तरी ताटातली पोळी रुमालात जायची, आणि तो रुमाल बायकोला उशीखाली सापडायचा. आणि मामांनी त्या वर्षीचं नाटक जाहीर केलं: मुलगी जेवायची थांबते, त्या घराचं. मंडळी बिथरली. "रामायण संपलं काय मामा?" मीही भांडायला गेलो, तर म्हणाले, "नीलाला विचारून लिहिलंय. तुम्हाला कशाला विचारू? बापाचं काम मात्र तुम्हीच करायचं. तुमच्याच मापाचं आहे."

संहितेत माझं ते वाक्य होतं, शब्दही न बदलता. तालमीत मी दर वेळी "जरा बेतानं जेव गं" म्हणून पुढे सरकायचो. मामा पेटी थांबवायचे. "हे कुणी लिहिलं? मी नाही." आणि विंगेत संहिता घेऊन बसलेली नीला, कारण प्रॉम्प्टिंग तिनंच मागून घेतलं होतं, त्या ओळीवर बोट ठेवून बसायची.

प्रयोगाच्या दिवशी माझ्यासमोर ताट वाढलं आणि माझी जीभ उचलेना. विंगेतून आवाज आला, "किती खाशील?" मग नीला जरा मोठ्यानं म्हणाली, "किती खाशील? साकु आता, पुरे! दारं रुंद करावी लागतील." हुबेहूब माझ्या सुरात. इतकं नीट पाठ तिला नाटकासाठी करावं लागलं नसणार.

मी ते म्हणालो. सभागृह हसलं, अगदी त्या पंगतीसारखं.

पुढे बापाचं पद होतं, चौदावं. मामांनी सूर धरला. मी विंगेकडे वळून म्हणालो, "चुकलं गं माझं." हे संहितेत नव्हतं. नीलानं पान उलटलं, परत उलटलं, आणि हळूच म्हणाली, "अप्पा, पद." मला गाता येईना. मरणाऱ्या राजाचंही कडवं न सोडणाऱ्या मामांनी तो सूर हळूहळू विझू दिला. त्या दिवशी तेराच पदं झाली.

त्यानंतर लगेच सगळं नीट झालं असं नाही. दोनदा परत इस्पितळ झालं. एकदा ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. मामा गेल्या वर्षी गेले. परवा नीला त्या न सांगितलेल्या मापावर मामांनी शिवलेला दसऱ्याचा कुडता घेऊन आली. "अप्पा, काखेत ओढतोय. उसवता?" मी ब्लेड घेऊन कुडता उलटा केला. आत चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं, आणि त्यावर एकापुढे एक तीन टिपा, एकेक करून सोडवता याव्यात अशा.

मी पहिली सोडली. तिनं कुडता घालून पाहिला, हात वर केले.

"बसला," म्हणाली.

आत अजून दोन आहेत.