उजव्या खिशातला हात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले. दोन वर्षांत एकवीस वेळा चढले. मी शहाणी नाही असं सासूबाईंचं मत लग्नापासूनच होतं, त्यामुळे त्यांना काही धक्का बसला नाही. बसला तो धाकट्या भाऊजींना. "वहिनी, विमा कंपनीशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं," ते म्हणाले. मी म्हटलं, "डोकं माझं आहे ना भाऊजी? मग तुम्ही कशाला चोळताय?"

पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या ह्यांची आहे. हे घड्याळजी. औषधांचं दुकान आणि किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान यांच्या मध्ये ह्यांचं दुकान, इतकं अरुंद की एक गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत येता येत नाही. पुढे काचेचं टेबल, मग प्लायवूडचा आडोसा, आडोशामागे खिडकीखाली कामाची जागा. एकोणिसाव्या वर्षी हे माझ्या वडिलांकडे काम शिकायला आले. वडिलांनी पहिलं वर्षभर नुसती मेलेली घड्याळं उघडायला आणि बंद करायला लावली. दुसरा एखादा पळून गेला असता. हे राहिले, आणि सहा वर्षांनी काम शिकून गेले ते वडिलांची मुलगीही घेऊनच गेले.

ह्यांचा हात म्हणजे काय होता ते सांगते. उन्हाळ्यातसुद्धा कोरडा, कधी घाई नाही, कधी थरथर नाही. तीन दुकानांनी "फेकून द्या" म्हटलेलं घड्याळ हे चालतं करून द्यायचे. बोलणं मात्र तिरकं. कुणी म्हणालं, "घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतं हो," की हे कानाला लावून म्हणणार, "घड्याळ बरोबर आहे. उशिरा उठता तुम्ही." गिऱ्हाईक चिडायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा ह्यांच्याकडेच यायचं.

तर त्या दिवशी दुपारी एक वाजता दुकानाला कुलूप लावून हे जेवायला घरी निघाले. चौकात चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होता. हे निम्म्या रस्त्यात असताना एक पांढरी गाडी वळली आणि तिनं ह्यांना कडेच्या लोखंडी कठड्यावर दाबलं. चालवणारा गृहस्थ फोनवर बोलत होता. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं, त्यामुळे चूक कुणाची यावर वाद झालाच नाही. वाद झाला तो हातावर.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. हाड जुळलं, चांगलं जुळलं, डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. पण अंगठ्यातली आणि शेजारच्या बोटातली जाणीव गेली ती गेलीच, आणि हात कापायला लागला. लांबून दिसणार नाही इतकाच कापायचा. जेवता येतं, शर्टाची बटणं लावता येतात. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासून लिहिलं, "सर्व दैनंदिन कामे करू शकतात." अहो, पण ह्यांचं दैनंदिन काम काय आहे ते तर विचारा! केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवायची, हे ह्यांचं दैनंदिन काम. बटणं काय, तीन वर्षांचं पोरही लावतं.

मग कंपनीचा तडजोडीचा कागद आला. रक्कम दवाखान्याच्या बिलापुरती, आणि खाली एक ओळ: "दुखापत किरकोळ असून पूर्णपणे बरी झाली आहे." भाऊजी म्हणाले, "घेऊन टाका. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." आणि हे चक्क पेन घेऊन बसले. डाव्या हातात. ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. मी कागद ओढून घेतला. "किरकोळ? तीस वर्षांचा हात किरकोळ? आधी 'हात गेला' असं लिहा म्हणावं, मग काय सह्या करायच्या त्या करू!"

हे खाली मान घालून म्हणाले, "हात गेला असं सगळ्यांना कळलं, तर दुकानात कोण येईल?"

आता बघा, नवरा-बायको आम्ही, पण मागणं किती उलटं. मला तो हात गेला हे शिक्क्यानिशी लिहून हवं होतं. ह्यांना ते कुणाला कळायलाच नको होतं. शेवटी मी दावा लावला आणि ह्यांनी अट घातली, कोर्टात काय ते लिही, पण दुकानात आणि गल्लीत तोंडातून शब्द काढायचा नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे म्हणाले आणि उजवा हात कोटाच्या खिशात घातला. तो खिशातच राहायला लागला.

आडोशामागे मी बसू लागले. लहानपणी वडिलांच्या मांडीला मांडी लावून मी हेच तर शिकले होते. लग्नानंतर भिंग ठेवून दिलं होतं, ते पुन्हा डोळ्याला लावलं. पुढे हे बसायचे. घड्याळ कानाला लावायचे, गिऱ्हाइकाला दोन तिरके शब्द ऐकवायचे आणि आत येऊन मला हळूच सांगायचे, "तिसऱ्या चाकाचा दात गेलाय." उघडून पाहावं तर खरंच गेलेला असायचा. काम मी करायची, नाव ह्यांचं. मला त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं आमचं, ते मात्र मला कळायला हवं होतं. कोर्टात सांगायचं हात गेला आणि दुकानात दाखवायचं काही झालंच नाही!

त्यात आणखी एक शहाणपणा केला. आमच्या धंद्यात रीत आहे. काम झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पण पुढे ज्याच्या हाती ते घड्याळ जाईल त्या कारागिराला कळतं की आधी कुणी उघडलं होतं. ह्यांची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा आणि एक टिंब. मी विचारलं, "मी कुठली कोरू?" हे म्हणाले, "माझीच. दुकान माझं आहे." मी मुकाट्यानं दोन वर्षं दोन रेघा आणि टिंब कोरत राहिले.

एके दिवशी एक गोड आवाजाचा माणूस आला. वडिलांची आठवण म्हणून जुनं किल्लीचं घड्याळ घेऊन आला, डोळ्यांत पाणीबिणी आणलं. चार दिवसांनी घड्याळ घेतलं, "तुमच्या हाताला तोड नाही" म्हणाला, पावती मागून घेतली आणि गेला. आमचे हे दोन दिवस खूश.

कोर्टाच्या सतराव्या तारखेला तेच घड्याळ न्यायाधीशांच्या टेबलावर!

कंपनीच्या वकिलांना मी साखरतोंड्या म्हणायची. इतकं हळू आणि गोड बोलायचे की आपल्याला फाशी सुनावली तरी आपण "थँक्यू" म्हणू. त्यांनी झाकण उघडून ह्यांच्यापुढे धरलं. "ही खूण कोणाची?"

"माझी," हे म्हणाले.

"तारीख अपघातानंतरची आहे?"

"हो."

"पावती तुमच्याच दुकानाची? आणि घड्याळ उत्तम चालतंय. मग हात कुठे गेला, काका?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आमच्या वकीलबाईंचा चेहरा उतरला. त्यांनाही आम्ही आडोशामागचं काही सांगितलं नव्हतं. हे पिंजऱ्यात नुसते झाकणाकडे बघत उभे. एक वाक्य बोलायचं होतं, "ते काम माझ्या बायकोनं केलं." पण ते बोललं तर झाकलेली मूठ उघडी पडली असती. मला दया आली आणि रागही आला. राग जास्त आला. मी उठून उभी राहिले. "साहेब, ते घड्याळ मी दुरुस्त केलंय! खूणही मीच कोरलीय!"

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाले. मग पिंजऱ्यात बोलावून रीतसर विचारलं. मी सगळं सांगितलं. साखरतोंडे हसून म्हणाले, "नवऱ्याच्या भरपाईसाठी बायको काय वाटेल ते सांगेल, साहेब."

"मग अवजारं आणते," मी म्हटलं. "दोघांनाही बसवा. समोरच बघा."

"आणि यांनी हात कापायचं नाटक केलं तर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ते मला कळेल. पुढच्या तारखेला अवजारं आणा."

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "आता अख्ख्या गावाला कळलं." मी म्हटलं, "कळू दे. चोरी केलीय का आपण?"

त्या तारखेला खिडकीजवळ टेबल मांडलं, त्यावर पांढरा कागद. बघायला शेजारच्या खोल्यांतले वकीलही आले. साहेबांनी सांगितलं, घड्याळातला एक स्क्रू काढायचा आणि पुन्हा बसवायचा. बाजरीच्या दाण्याहून लहान स्क्रू. ह्यांनी खिशातून हात काढला.

आणि मला काय दिसलं सांगू? हे नाटक करत नव्हते. उलट जिवाच्या आकांतानं स्क्रू बसवायला बघत होते. इतक्या लोकांसमोर, दावा गेला खड्ड्यात, पण आपला हात चालतो हे दाखवायचं होतं त्या माणसाला! श्वास रोखला होता, मानेवरून घाम वाहत होता. स्क्रू काढला कसाबसा. बसवताना चिमटा हलला, स्क्रू उडाला. पुन्हा उचलला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा भोकाच्या अगदी तोंडाशी गेला. माझ्या मनात आलं, जमू दे रे देवा, एकदा जमू दे ह्यांना. आणि लगेच, नको, नको जमू दे, सगळं पाण्यात जाईल. बायको म्हणून मी काय मागावं, ते मला त्या क्षणी कळेना. रडू आलं मला, सगळ्यांसमोर.

स्क्रू खाली पडला. हे खुर्चीवरून उतरले आणि गुडघ्यावर बसून फरशीवर शोधू लागले. चौथ्यांदा बसवायला घेतला, पाचव्यांदा घेतला. शेवटी साखरतोंडेच खाली बघून म्हणाले, "पुरे, साहेब." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली साखर गेली होती.

मी बसले. चार मिनिटांत स्क्रू बसवून घड्याळ चालू करून दिलं. फुशारकी नाही मारत, साहेबांनीच वेळ मोजली होती.

निकालाच्या दिवशी भाऊजीही आले होते. साहेबांनी वाचलं, "अर्जदार, जो पूर्वी घड्याळजी होता, त्याचा उजवा हात त्या कामासाठी कायमचा निकामी झाला आहे." पुढे रक्कम वाचली. मागितली त्याहून थोडी कमी, पण तडजोडीच्या कित्येक पट. भाऊजींनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. मिळालं की हो मला माझं वाक्य, शिक्क्यानिशी! आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे उभे राहिलेले.

"साहेब, एक चूक आहे."

वकीलबाई ह्यांचा कोट ओढायला लागल्या. हे बसेनात. "हात गेला लिहिलंत ते बरोबर आहे. आज मी सगळ्यांसमोर सांगतो, गेला. पण 'पूर्वी' काढा. घड्याळाला काय झालंय ते मी अजून कानानं सांगतो. काम ही करते, माझ्यापेक्षा चांगलं करते. पण मी घड्याळजी होतो नाही. आहे."

साखरतोंडे ताडकन उठले. "म्हणजे धंदा चालू आहे, साहेब! रक्कम कमी व्हायला हवी!"

साहेब ह्यांना म्हणाले, अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "अहो, हा शब्द तुमच्या फायद्याचा आहे. मी तो काढला तर हे अपिलात जातील आणि त्यावरच बोट ठेवतील. नीट विचार करा."

हे माझ्याकडे वळले. दोन वर्षं मी भांडले होते, ह्यांच्याशीसुद्धा. मागून भाऊजी कळवळून म्हणाले, "वहिनी, गप्प बसवा त्याला!"

"काढा, साहेब, तो शब्द," मी म्हटलं.

साहेबांनी 'पूर्वी' आणि 'होता' खोडलं, 'आहे' लिहिलं, शेजारी सही केली आणि ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली. कंपनी अपिलात गेली आहे. जाऊ दे. आम्हीही येतोय म्हणावं.