डिकीतले पाणी

१७ जुलै २०२२, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. रात्रीच्या पावसानंतर डिकीतून निघालेले पाणी दोन लिटर तीनशे मिलिलिटर. मोजपात्र स्वयंपाकघरातले होते आणि ते मी न विचारता उचलले होते, त्यामुळे त्या सकाळी नोंद घेण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे आईचा आवाज.

गाडी वडिलांची. त्यांना आम्ही नाना म्हणतो. धुळ्याच्या देवपूर भागात आमचे घर, आणि लग्नाच्या मिरवणुकीसाठी सजवलेल्या गाड्या देणे हा नानांचा व्यवसाय. इतर गाड्या साध्या होत्या. ही एकच अशी, की बटण दाबले की तिचे कापडी छत घडी होत मागे सरके आणि सीटच्या पाठीमागच्या खोबणीत जाऊन बसे. मग नवरदेव सीटच्या पाठीवर उंच बसून गावभर दिसे. मी दहावीत असताना नानांनी ती जळगावच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून आणली. त्याच संध्याकाळी छत उघडे टाकून आम्ही महामार्गाने सोनगीरपर्यंत गेलो होतो. पुढच्या ट्रकमधून उडणारा कापूस आईच्या केसांत अडकत होता. किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी थांबवून नानांनी मागे पाहिले आणि म्हणाले, "आते दिसनी तू म्हातारी." घरी परतेपर्यंत आई त्यांच्याशी बोलली नाही, पण केसांतला कापूसही तिने काढला नाही.

छत उघडणारा पंप डिकीत, अगदी तळाशी बसवलेला होता. मागच्या पावसाळ्यात तो भिजला आणि हंगामातल्या पहिल्याच लग्नात, जळगावला, छत अर्ध्यावर अडकले. नवरदेव मान वाकवून त्याखाली बसला. वऱ्हाडातल्या एका अक्कांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "नवरदेव शे का पोपट? पिंजरामा बसाडा!" लोक हसले. नानाही हसले, पण परतीच्या वाटेवर त्यांनी गाडीतला रेडिओ लावला नाही. पंप कसाबसा सुकवून चालू झाला. मेकॅनिकने मात्र बजावले, की पुन्हा भिजला तर हा गेला, आणि असा दुसरा मिळायचा नाही.

म्हणून नानांनी गाडी विकायचे ठरवले. चाळीसगावचे एक मंडपवाले पुढच्या रविवारी पाहायला येणार होते. ठरवल्यापासून नाना गाडी रोज पुसत होते, तेही दोनदा. आईने ते पाहिले आणि अट घातली : "आठ दिन शेतस. रविवारी डिकीमा वाटीभर पाणी निंघनं तर गाडी जाई. नही निंघनं तर ऱ्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू भौतिकशास्त्र शिकनी ना? मग दखाड."

ऑगस्टमध्ये मी संशोधनासाठी बंगळूरला जाणार होते. हाताशी आठ दिवस आणि एक प्रश्न होता. मला दोन्ही पुरेसे वाटले.

पहिला संशय साहजिकच छताच्या कापडावर गेला. ते शिवणारे चाचा सीटकव्हर आणि रेक्झिनचे कारागीर. आमच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडेच जात. त्यांनी शिवणीवर दोनदा टाके घातले होते, वरून मेण घासले होते. माझा संशय ऐकून ते दुखावले.

"बेटा, मेरी सिलाई में से पानी? मेरी सिलाई में से तो हवा भी पूछ के जाती है."

"मग चाचा, डिकीत येते ते काय?"

"वो तेरे नाना के आँसू हैं. गाडी बेच रहे हैं ना."

नाना पुसायचे फडके झटकून आत निघून गेले. चाचांनी जीभ चावली.

मी शिवणींवर आणि रबरी पट्ट्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. पाणी जिथून शिरेल तिथे ओघळ उमटेल, असा हिशोब. मग झारीने छतावर पाणी घातले. पहिल्या बादलीला डिकी कोरडी. दुसऱ्या बादलीलाही कोरडी. चाचांनी विजयी मुद्रेने विडी पेटवली. तिसऱ्या बादलीच्या मध्यावर डिकीत एकदम धार लागली.

"पोरी," दारातून नाना म्हणाले, "हाई गाडी शे का घागर?"

त्यांनी ते वैतागून म्हटले होते. मी मात्र झारी खाली ठेवून त्या वाक्याचा शब्दशः विचार करू लागले. कापड फाटलेले असते, तर पहिल्या बादलीपासून थोडे थोडे पाणी झिरपले असते. इथे आधी काहीच येत नव्हते आणि मग सगळे येत होते. याचा अर्थ पाणी आधी कुठेतरी साठत होते आणि ते भांडे भरले की डिकीत सांडत होते. आम्ही सारे पाणी कुठून आत येते ते शोधत होतो. खरे तर ते बाहेर का जात नाही, हे शोधायला हवे होते.

छत अर्धे उचलून मी खोबणीत हात घातला. कोपरापर्यंत पाणी. गाडी बनवणाऱ्यांनी हे गृहीतच धरलेले दिसत होते : कापडाच्या कडेने थोडे पाणी येणार, ते खोबणीत उतरणार आणि दोन कोपऱ्यांतल्या दोन भोकांतून, रबरी नळ्यांवाटे, मागच्या चाकांपाशी जमिनीवर पडणार. डाव्या भोकाच्या जागी माझ्या बोटांना गुळगुळीत, कडक काहीतरी लागले. डांबर.

"ते मीच भरेल शे," नाना म्हणाले. "भोक दिसनं, बुजी टाकं."

नानांचे बालपण धाब्याच्या घरात गेले. मातीच्या त्या सपाट छतातून उजेडाचा ठिपका दिसला, की पावसाआधी वर चढून तो बुजवायचा, ही त्यांच्या हातांची सवय होती. पण धाब्यालाही पाणी उतरायला पन्हाळ ठेवतातच. मी तसे म्हणताच नानांनी माझ्याकडे पाहिले, मग खोबणीकडे, आणि पेचकस आणायला गेले. डांबर त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडून काढले.

उजव्या नळीतून पाणी जेमतेम थेंबथेंब उतरत होते; तिच्यात मी सायकलच्या ब्रेकची तार घातली. प्रथम झेंडूच्या काळपट पाकळ्या आल्या. मग चिखल. त्यामागून मुळांचा पांढरा गुंता निघाला आणि त्याला चिकटलेले, कुंकवाचा रंग अजून न गेलेले दाणे. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात. उघड्या गाडीतल्या नवरदेवावर लोकांनी वर्षानुवर्षे टाकलेला आशीर्वाद खोबणीत उतरला होता, नळीत अडकला होता आणि पावसाळा लागताच उगवला होता. कोंब बोटभर लांब झाले होते.

"माय वो! गाडीमा जवारी उगनी!" नाना ओरडले.

आई धावत बाहेर आली, तिने नीट निरखून पाहिले आणि म्हणाली, "आते निंदाले बाया बलाव."

गाडीतल्या खुरपणीच्या कल्पनेने चाचा हसता हसता चाकाला टेकून खाली बसले.

मी आता जिथे काम करते, तिथली उपकरणे फार अचूक आहेत आणि त्यांना कसलाही वास नाही. त्या अंगणाला ओल्या रेक्झिनचा, विडीचा आणि डांबराचा वास होता. एखाद्या आलेखाची रेषा बराच वेळ शून्यावर राहून अचानक उसळली, की तो मला आजही येतो.

रविवारी मंडपवाले आले आणि त्यांच्यामागोमाग पाऊस. नानांनी गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवली. आत चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. पाहुणे किमतीवर आले की नाना पोह्यांचा आग्रह करत. खिडकीतून मला दोन्ही मागच्या चाकांपाशी पाण्याच्या दोन बारीक धारा पडताना दिसत होत्या. पण एक निरीक्षण म्हणजे निष्कर्ष नव्हे.

पाऊस थांबल्यावर आई वाटी घेऊनच अंगणात आली. डिकी उघडायला नानांचा हात धजेना, म्हणून ती आईने उघडली. तळाशी मी अंथरलेले कापड तिने उचलले आणि त्या वाटीवर दोन्ही हातांनी, दात आवळून, अंगातले सगळे बळ लावून पिळले. वाटी तिने आधी नानांना दाखवली.

"भाऊ," नाना पाहुण्यांना म्हणाले, "गाडी इकनी नही. चला, तुमले एक चक्कर मारी आणस." आणि त्यांनी छताचे बटण दाबले.

ती तिघे सोनगीरच्या दिशेने निघून गेली, आईसुद्धा. मी वाटी आत नेली आणि मोजपात्रात रिकामी केली : नऊ मिलिलिटर.